खिशातला कांदा ऊन ओढून घेतो का?

प्रश्न : सुट्टी लागली की मी मुलाला घेऊन ठाण्याहून माहेरी, वर्ध्याला येते. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो खेळायला निघाला की माझी आई त्याच्या खिशात सोललेला कांदा घालते. संध्याकाळी कांदा सुकलेला दिसला की म्हणते, "बघ, सारं ऊन यानं ओढून घेतलं." कांद्यामुळे खरंच ऊन लागत नाही का? की आईला आता थांबवावं?
— एक वाचक

उत्तर : कांदा ऊन ओढून घेत नाही. तो सुकला याचा अर्थ इतकाच, की दिवसभरात त्यातलं पाणी उडून गेलं. ओट्यावर ठेवला असता तरी सुकलाच असता. पण आईंना थांबवण्याआधी कांद्याबरोबर त्या आणखी काय काय करतात, ते एकदा नीट बघा. डोक्याला रुमाल बांधतात, माठातलं पाणी प्यायला लावतात, उन्हं चढायच्या आत परत ये म्हणून बजावतात आणि उशीर झाला तर दारात उभ्या राहून हाक मारतात. तुमच्या मुलाला वाचवतं ते हे सगळं.

ते का वाचवतं, याचं उत्तर त्या माठातच आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. घामाचं कामही तेच. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून गार असली, तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. वर्ध्यात मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की उलटं होतं. हवाच अंगाला तापवू लागते आणि निवायला एकटा घाम उरतो. अंगातलं पाणी कमी पडलं की तोही साथ सोडतो.

दमट हवेत माठ नीट गार होत नाही, हे तुम्ही ठाण्यात अनुभवलं असेल. तिथे घाम येतो, पण उडत नाही. म्हणून कोकणपट्टीत पारा चाळिशीखाली असला तरी निर्धास्त राहू नये. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावर नोंदलेलं तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. शिवाय बातम्यांत येतो तो आकडा सावलीतला असतो. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. भर उन्हात, तापलेल्या जमिनीजवळ खेळणाऱ्या मुलाच्या अंगाला बसणारा ताप त्याहून कितीतरी जास्त.

मुलांचं अंग तापतंही लवकर. वाटीतली आमटी पातेल्यातल्या आमटीच्या आधी निवते. उन्हात ठेवलं तर वाटीतलं पाणीच आधी तापतं. लहान अंगाचं तसंच आहे. वजनाच्या मानानं त्वचा जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता भराभर आत शिरते, आणि मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. त्यात खेळाची धुंदी. डाव अर्धा टाकून पाणी प्यायला कोण येतो?

तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून मीठही कमी जातं. गावातली मुलं होळीपासून हळूहळू तयार झालेली असतात; तुमचा मुलगा कालच गाडीतून उतरलेला असतो. पहिला आठवडा त्याचा खेळ त्यांच्यापेक्षा कमी वेळाचा ठेवा.

बाहेरचा खेळ सकाळी आणि ऊन उतरल्यावर. 11 ते 4 घरात, ओसरीत किंवा दाट झाडाखाली. कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे. डोक्याला रुमाल किंवा टोपी, पायात चप्पल. बागेतली पत्र्याची घसरगुंडी आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून पाहा. हात ठेववत नसेल तर मुलाला बसवू नका. आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही ठेवू नका. उन्हातली गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते, काच थोडी खाली केली तरीही.

पाणी तहान लागण्याआधी द्यायचं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला खेळताना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक कप. त्याशिवाय मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, पायात गोळे आले, मळमळलं, तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत घ्या, घोट-घोट पाणी किंवा ओआरएस पाजा. पण ते असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरी समजाच. 108 ला फोन करा आणि गाडीची वाट न पाहता अंग गार करायला लागा. कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओता, सतत वारा घाला. मान, काखा आणि जांघांत गार पाण्याच्या घड्या ठेवा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. तळपायाला कांद्याचा रस चोळण्यातही वेळ घालवू नका. पहिली काही मिनिटंच मोलाची असतात.

दुपारचा खेळ बंद झाला की मुलं गुपचूप पाण्याकडे वळतात, म्हणून एक काळजीचं सांगणं. विहिरीची भीती मुलांना असते. शेततळं मात्र उथळ आणि निळंशार दिसतं. त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की पाय ठरत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही आणि पोहता येणाराही वर चढू शकत नाही. तळ्याला कुंपण हवं, काठाला पक्का बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडलेला हवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, दोर किंवा ओढणी फेकायची आणि मोठ्यांना हाक मारायची, हे मुलांकडून वदवून घ्या.

आता तुमच्या आईंचं. कांदा राहू द्या. त्यानं अपाय नाही. अपाय होईल तो त्याच्या भरवशानं. "खिशात कांदा आहे ना" म्हणून मुलगा तासभर जास्त उन्हात राहिला, तर तो कांदा महागात पडेल. तेव्हा खिशात कांदा जाईल त्याच वेळी हातात पाण्याची बाटली जाईल, एवढा नेम आईंच्या हातूनच घालून घ्या. आणि त्यांना सांगा, की तुमची दारातली हाक एक दिवसही चुकवू नका.