तबकडीतले आवाज

(जुन्या ध्वनिमुद्रिका, म्हणजेच रेकॉर्ड, जमवणे हा लेखकाचा छंद आहे. आपल्या संग्रहातील आवडत्या संगीतप्रकारांची ओळख त्यांनी या पाठात करून दिली आहे. एका भाषेत वाढलेले गायक दुसऱ्या भाषेत कसे रमले, हेही त्यातून कळते.)

विद्यार्थी मित्रांनो, गाणे ऐकावेसे वाटले की तुम्ही मोबाइल हातात घेता. बोट लावले की गाणे सुरू होते. तुमच्या आजोबांच्या लहानपणी हे इतके सोपे नव्हते. रेडिओवर गाणे लागेपर्यंत वाट पाहावी लागे, नाहीतर त्या गाण्याची रेकॉर्ड जवळ असावी लागे.

रेकॉर्ड म्हणजे एक काळी, गोल, चपटी तबकडी. तिच्यावर असंख्य बारीक रेषा दिसतात. खरे पाहता प्रत्येक बाजूला एकच लांब खाच असते. ती काठापासून गोल गोल फिरत मध्याकडे जाते. तबकडी फिरू लागली की यंत्राची सुई या खाचेतून चालते. ही खाच सरळ नसते. गायकाच्या आवाजाप्रमाणे ती नागमोडी झालेली असते. म्हणून सुई थरथरते आणि त्या थरथरण्यातून तोच आवाज पुन्हा उमटतो.

जुन्या रेकॉर्डमध्ये लाख वापरलेली असे. त्या मिनिटाला ७८ फेरे घेत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. हातातून पडली की रेकॉर्ड फुटलीच! १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची 'लाँग प्लेइंग' रेकॉर्ड निघाली. ती मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावते. ती सहसा फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडे पडतात.

आपल्या देशात रेकॉर्डवर गाणाऱ्या पहिल्या मोठ्या गायिका म्हणजे गौहरजान. १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्याला त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गाणे संपले की त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जात. तेथील कारागिरांना कोणाची तबकडी कोणती हे कळावे, म्हणून ही युक्ती होती. त्या जुन्या रेकॉर्डवर गाण्याच्या शेवटी त्यांचे नाव आजही ऐकू येते.

माझ्याकडे आज सुमारे दोनशे रेकॉर्ड आहेत. बऱ्याचशा मी मुंबईच्या चोर बाजारातून आणल्या. काही लोकांनी भंगारात टाकायला काढल्या होत्या, त्या मागून घेतल्या. कपाटात मी त्या भाषेप्रमाणे लावत नाही, संगीताच्या प्रकाराप्रमाणे लावतो. भाषेप्रमाणे लावायला गेले की पंचाईत होते. एकच गायक उर्दूच्या खणातही ठेवावा लागतो आणि मराठीच्या खणातही! हे कसे, ते आता पाहू.

कपाटाचा पहिला खण शास्त्रीय संगीताचा आहे. त्यात सर्वांत आधी आहेत उस्ताद अब्दुल करीमखाँ. त्यांचा जन्म उत्तर भारतातील कैराना या गावचा, पण ते महाराष्ट्रात येऊन मिरजेला स्थायिक झाले. मैफलीत तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत मांडणे किती अवघड! खाँसाहेबांनी ते करून दाखवले. रेकॉर्ड वाजू लागली की आधी खरखर ऐकू येते. मग त्या खरखरीतून त्यांचा बारीक, गोड स्वर वर येतो आणि खरखर विसरायला होते. याच खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदेही रेकॉर्डवर गायली आहेत. 'मानापमान' या नाटकातील एक पद त्यांत आहे. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते.

आता एक रेकॉर्ड काय करू शकते ते ऐका. कर्नाटकातील गदग येथे १९२२ साली एक मुलगा जन्मला. घरची भाषा कन्नड. लहान असताना त्याने अब्दुल करीमखाँ यांच्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली. आपल्यालाही असेच गाता आले पाहिजे, या ध्यासाने अकराव्या वर्षी त्याने घर सोडले. गुरूच्या शोधात तो ग्वाल्हेर, जालंधर असा दूरदूर भटकला. शेवटी घराजवळच, कुंदगोळ येथे, त्याला गुरू भेटले. ते होते सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीमखाँ यांचेच शिष्य! हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना 'भारतरत्न' जाहीर झाले. त्यांनी गायलेले मराठी अभंग महाराष्ट्रात घरोघरी ऐकले जातात. कैरान्याच्या उस्तादांचा स्वर, गदगच्या कन्नड मुलाचा गळा आणि मराठी संतांचे शब्द असे तीन प्रवाह त्या रेकॉर्डमध्ये एक झाले आहेत. आता ही रेकॉर्ड कोणत्या भाषेच्या खणात ठेवायची, ते तुम्हीच सांगा.

दुसरा खण कव्वालीचा. कव्वाली तुम्ही उरुसात ऐकली असेल. मुख्य गायक एक ओळ म्हणतो, साथीदार टाळ्यांच्या ठेक्यावर ती उचलून धरतात. या खणात शंकर-शंभू या बंधूंची एक रेकॉर्ड आहे. हे दोघे हिंदू कुटुंबातले, पण अजमेरच्या दर्ग्यात त्यांच्या कव्वालीला मोठा मान होता. त्यांचे उर्दू शब्द इतके स्वच्छ आहेत की पाहुण्यांना मी आधी रेकॉर्ड ऐकवतो आणि नावे नंतर सांगतो.

तिसरा खण गझलेचा आणि तो तुमच्या विशेष ओळखीचा. मतला, काफिया, रदीफ हे शब्द तुम्ही उर्दूच्या तासाला शिकता. मराठी गझलेतही हेच शब्द वापरतात! गझल मराठीत रुजवण्याचे पहिले मोठे काम माधव जूलियन या कवींनी केले. ते फार्सीचे प्राध्यापक होते. त्यांनी फार्सी-मराठी शब्दकोश तयार केला आणि १९३३ साली त्यांचा 'गज्जलांजलि' हा संग्रह निघाला. पुढे कवी सुरेश भट यांनी मराठी गझल लोकांच्या ओठांवर आणली. नव्या कवींना नियम समजावेत म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. माझ्या कपाटात बेगम अख्तर यांच्या गझलांच्या रेकॉर्डशेजारी सुरेश भटांच्या गीतांची रेकॉर्ड आहे. एकीत लखनौची अदब, दुसरीत विदर्भाची धग. मला दोन्ही सारख्याच आवडतात.

शेवटचा खण चित्रपटगीतांचा आणि भावगीतांचा. तो सर्वांत भरलेला आहे. त्यातल्या दोन गायकांविषयी सांगतो.

लता मंगेशकर यांची मातृभाषा मराठी. १९४७ च्या सुमारास त्या चित्रपटसृष्टीत नवीन होत्या. संगीतकार अनिल विश्वास यांनी लोकलच्या प्रवासात त्यांची ओळख दिलीपकुमार यांच्याशी करून दिली. ही मुलगी मराठी आहे, हिचे उर्दू उच्चार कसे असतील, अशी शंका दिलीपकुमार यांनी बोलून दाखवली. लताबाईंना वाईट वाटले. पण त्या रागावून बसल्या नाहीत. त्यांनी एका मौलवीसाहेबांकडे उर्दूची शिकवणी लावली आणि नेटाने उर्दू शिकल्या. पुढे त्यांच्या उच्चारांचे दाखले दिले जाऊ लागले.

आता दुसरी बाजू पाहा. मोहम्मद रफी यांचा जन्म १९२४ साली पंजाबात झाला. मातृभाषा पंजाबी. तरी संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर त्यांनी मराठी गाणी गायली. या गाण्यांची लहान रेकॉर्ड मी पुन्हा पुन्हा लावतो. गाणे ऐकताना भाषेचे कोणतेही ओझे त्या आवाजावर जाणवत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण वर्गात मराठी बोलायला कचरतात, हे मला ठाऊक आहे. 'ळ' नीट आला नाही तर कोणी हसेल, अशी भीती वाटते. उर्दूत 'ळ' साठी अक्षर नाही, त्यामुळे सुरुवातीला जीभ अडखळणारच. पण तुमच्याकडे एक ठेवाही आहे. मराठीत 'जग' हा शब्द दोन प्रकारे उच्चारतात. 'जग' म्हणजे दुनिया. येथे 'ज' हा 'जवाब' मधल्यासारखा. 'तू शंभर वर्षे जग' असे म्हणताना मात्र 'ज' हा जवळजवळ 'ज़मीन' मधल्यासारखा. हा दुसरा 'ज' इतरांना कष्टाने शिकावा लागतो. तुमच्या जिभेवर तो लहानपणापासून आहे. बाकीचे काम कान करतात. एक मराठी गाणे रोज ऐका, मग मोठ्याने म्हणा. महिन्याभरात फरक दिसेल.

जाता जाता अशा एका रेकॉर्डविषयी सांगतो, जी माझ्या कपाटात नाही. उस्ताद अल्लादियाखाँ हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दरबारी गायक. त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड आपल्याकडे नाही. तो आवाज गेला तो गेलाच. पण त्यांची विद्या शिष्यांच्या गळ्यात राहिली. गोव्याच्या केसरबाई केरकर या त्यांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक रेकॉर्ड आहे. तिच्यावर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच रेकॉर्डवर ५५ भाषांमधून शुभेच्छाही आहेत. त्यांत उर्दू आहे आणि मराठीही आहे. या दोन भाषा एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेपलीकडे चालल्या आहेत. मग एका वर्गात, एका बाकावर त्यांनी शेजारी बसायला काय हरकत आहे?

शब्दार्थ

ध्वनिमुद्रिका – आवाज साठवलेली तबकडी, रेकॉर्ड
खाच – कोरलेली बारीक रेघ
नागमोडी – सापासारखी वळणे घेणारी
जेमतेम – मुश्किलीने, कसेबसे
पंचाईत – अडचण
स्थायिक होणे – कायमचे राहणे
ध्यास – तीव्र ओढ, धुन
धग – उष्णता, आंच
कचरणे – घाबरणे, मागे सरणे
मुलामा – वरून दिलेला पातळ थर, मुलम्मा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला किती मिनिटांचे गाणे मावत असे?
(आ) भीमसेन जोशी यांचे गुरू कोण होते?
(इ) 'गझलेची बाराखडी' कोणी लिहिली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगत.
(आ) लेखक रेकॉर्ड भाषेप्रमाणे लावत नाहीत.
(इ) लता मंगेशकर यांनी उर्दूची शिकवणी लावली.

प्र. ३. खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.
जेमतेम, पंचाईत, ध्यास, कचरणे

प्र. ४. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. ते देवनागरीत व उर्दू लिपीत लिहा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीचे आवडते गाणे विचारा. ते कोणी गायले व त्यांनी ते कोठे ऐकले, याविषयी मराठीत पाच वाक्ये लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.