पावसाचा चालता आलेख : तो कसा वाचावा व कसा ठेवावा

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, अफजलपूर हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहेत. मृग नक्षत्र लागले की या भागातील शेतकऱ्याची नजर पूर्वी केवळ आभाळाकडे जाई. आता ती मोबाईलच्या पडद्याकडेही जाते. पडद्यावर आपल्या भागातील पावसाचा आलेख दिसतो व तो दिवसभर बदलत राहतो. पुस्तकात छापलेला आलेख एकदा काढला की तसाच राहतो. हा आलेख मात्र चालता आहे. त्यात नवी नोंद कशी शिरते आणि पाहणाऱ्याची फसगत नेमकी कोठे होते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. पेरणी करावी की थांबावे हा निर्णय या आलेखावर बेतला जातो, तेव्हा एका चुकीच्या बिंदूची किंमत बियाण्याच्या पिशव्यांत मोजावी लागते.

कर्नाटक राज्याने १९८८ साली दुष्काळ निरीक्षण कक्षाची स्थापना केली. पुढे २००७ मध्ये त्याचे नाव कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र असे झाले. या केंद्रामार्फत ग्रामपंचायतनिहाय दूरमापी पर्जन्यमापक बसविण्यात आले असून त्यांची संख्या ६ हजारांहून अधिक आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. त्यामुळे उमरगा, निलंगा, उदगीर, देगलूर अथवा अक्कलकोट तालुक्यातील शेतकरी आपल्या मंडळाचा आकडा पाहतो, तर बांधापलीकडचा शेतकरी आपल्या ग्रामपंचायतीचा. दोन आकडे जुळले नाहीत म्हणजे एक खोटा, असे समजण्याचे कारण नाही. वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो व दुसऱ्यात पडत नाही, हे आपणांस यंत्रावाचूनही ठाऊक आहे.

या यंत्राच्या पोटात तराजूसारखी दोन लहान पन्हळी असतात. एक ठरावीक पाण्याने भरली की कलंडते, रिकामी होते व दुसरी तिची जागा घेते. प्रत्येक कलंडणे म्हणजे ठरलेला पाऊस, उदाहरणार्थ ०.२ मि.मी. यंत्र ही कलंडणी मोजते आणि मोबाईलच्या जाळ्यातून केंद्राकडे धाडते. कर्नाटकातील पर्जन्यमापकांची नोंद दर १५ मिनिटांनी जाते. पडदा केंद्राकडे पुन्हा पुन्हा विचारणा करतो आणि नवी नोंद आली असल्यास तेवढीच मागून घेतो. सबंध आलेख नव्याने काढावा लागत नाही. उजवीकडे एक बिंदू वाढतो, डावीकडचा सर्वांत जुना बिंदू दृष्टीआड होतो. तो पुसला जात नाही, केंद्राच्या दप्तरी राहतो. यंत्रच जर १५ मिनिटांनी बोलत असेल, तर मिनिटामिनिटाला पडदा चाळवून काही हाती लागत नाही, हेही येथे सांगून ठेवावे.

शून्य व रिकामी जागा

आता मुख्य मुद्दा. पाऊस पडला नाही तर नोंद शून्य येते. नोंदच आली नाही तर ती शून्य नव्हे. ती केवळ रिकामी जागा होय. पन्हळीत पाला अडकला, कोळ्याने जाळे विणले, सौर तबकडीवर धूळ बसून विद्युत्घट उतरला, किंवा विजेच्या कडकडाटात मोबाईलचे जाळे बंद पडले, तर पाऊस धो धो कोसळत असताना आलेखावर काहीच चढत नाही. आणि नेमका मोठा पाऊस असतो त्याच वेळी जाळे बंद पडण्याचा संभव अधिक. अशा वेळी आलेखाची रेघ तुटलेली दिसली पाहिजे. ती शून्यावरून सरळ पुढे ओढली, तर पाहणारा ‘आज पाऊस नाही’ असे वाचतो. मागचा बिंदू व पुढचा बिंदू सरळ रेघेने जोडला, तरीही मधल्या काळाविषयी आपण काही जाणतो असा खोटा आव आणला जातो.

ही केवळ चित्रकलेची गोष्ट नव्हे. हवामानावर आधारित पीकविमा योजनेत भरपाई ठरविताना पर्जन्यमापकाच्या नोंदीचाच आधार घेतला जातो. पावसाचा खंड किती दिवसांचा, हेही नोंदीवरूनच ठरते. रिकाम्या दिवसास शून्य मानले तर नसलेला खंड दिसतो. अन्य गावचा आकडा त्या जागी बसविला तर असलेला खंड नाहीसा होतो. दोन्ही प्रकारांत कोणावर तरी अन्याय होतो. पन्हळीत कचरा अडकल्यावर तर यंत्र बंदही पडत नाही, ते निष्ठेने शून्य पाठवीत राहते. हा दोष पडद्यावरून कळत नाही, गावातील माणसासच कळतो. यास्तव अंगणात पाणी साचले असताना आलेख शून्य दाखवीत असेल, तर त्या दिवसाची तारीख व वेळ लिहून ग्रामपंचायतीस किंवा होबळीच्या रयत संपर्क केंद्रास लेखी कळवावे. हंगाम संपल्यावर सांगितलेली आठवण कागदाइतकी टिकत नाही.

जाळे पूर्ववत झाल्यावर काही यंत्रे साठवून ठेवलेल्या नोंदी एकदम पाठवितात. या नोंदी पाऊस पडला त्या वेळेसमोर मांडावयाच्या, पोहोचल्या त्या वेळेसमोर नव्हे. असे न केल्यास रात्रभराचा संथ पाऊस सकाळी सातच्या एकाच ढगफुटीसारखा दिसेल. म्हणून काल पाहिलेला आलेख आज थोडा निराळा दिसला, तर कोणी आकडे बदलले असा संशय लगेच घेऊ नये. चांगल्या आलेखाखाली ‘शेवटची नोंद अमुक वेळेची’ अशी ओळ असते. प्रथम ती ओळ वाचावी, मग आलेख.

दुसरी फसगत तारखेची. भारतीय हवामानशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे पावसाचा दिवस सकाळी ८.३० वाजता संपतो व त्या तारखेस मागील २४ तासांचा पाऊस लिहिला जातो. १२ तारखेच्या सायंकाळी पडलेला पाऊस १३ तारखेच्या नावे लागतो. दिवसाची बेरीज दाखविणारा आलेख ८.३० नंतर एकदम शून्यावर येतो, तो यंत्र बिघडल्यामुळे नव्हे.

तिसरी फसगत मापाची. काही आलेख जितका पाऊस असेल तितके माप आपोआप ताणून घेतात. काल ८० मि.मी. झाला, उभा खांब पडद्याच्या माथ्यास टेकला. आज ३ मि.मी. झाला, तरी आजच्या आलेखाचा खांब तेवढाच उंच. म्हणून खांबाकडे न पाहता डाव्या बाजूचे आकडे पाहावेत. एकूण पावसाच्या आलेखातही असेच होते. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असे शेतकऱ्यांस सांगण्यात येते. समजा, एकूण रेघ ८० वर गेली. पण त्यातील ६० मि.मी. एकाच रात्री कोसळून ओढ्याने वाहून गेले असतील, तर तूर-सोयाबीनला लागणारी ओल जमिनीत कितपत उतरली, हे ती रेघ सांगत नाही. रोजचा आलेख शेजारी ठेवूनच एकूण रेघ वाचावी आणि शेवटी जमीन उकरून पाहावी.

नदीच्या आलेखात मात्र उंचीइतकेच महत्त्व चढाला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने सोलापूर व कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील नदीकाठची गावे वेढली. अफजलपूर तालुक्यात केंद्रीय जल आयोगाचे देवणगाव पूल हे पूरमापन केंद्र आहे. इशारा पातळी अद्याप दोन मीटर दूर आहे, एवढे पाहून स्वस्थ बसू नये; मागील तीन तासांत पाणी किती चढले व वर उजनीतून विसर्ग वाढला काय, हे पाहावे. तासाला अर्धा मीटर चढ असेल, तर हाती चारच तास आहेत.

शाळेतील फलक

हा सर्व विषय मुलांना शिकविण्यास संगणकाची गरज नाही. साधा पर्जन्यमापक, चौकटीचा कागद व भिंतीवरील फलक पुरेसा आहे. एक चौकट म्हणजे ५ मि.मी. हे माप जूनमध्ये ठरवावे व हंगामभर बदलू नये. नोंद सकाळी ८.३० वाजता घ्यावी. पाऊस नसेल तर ‘०’ लिहावे, नोंद घ्यावयाची राहिली असेल तर आडवी रेघ मारावी. रविवारी शाळा बंद असल्यास सोमवारी मापलेले पाणी दोन दिवसांचे असते. ते एकट्या सोमवारच्या खांबात न घालता, दोन्ही दिवसांवर कंस करून एकत्र लिहावे. एखादा आकडा चुकला तर खोडरबर वापरू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा व दुरुस्ती करणाऱ्याची सही घ्यावी. शनिवारी मुलांनी हा फलक ग्रामपंचायतीच्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहावा. थोडा फरक राहणारच, कारण दोन मापके एका जागी नाहीत. परंतु शाळेच्या मापकात सलग तीन दिवस पाणी आणि यंत्राकडे सलग तीन दिवस शून्य, असे आढळले तर मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी फलकाची नक्कल जोडून ग्रामपंचायतीस पत्र द्यावे.