किती मेगापिक्सेल पुरे?

प्रश्न : खरोशाची लेणी आणि होट्टलची मंदिरं टिपायला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. दुकानदार म्हणतात, जास्त मेगापिक्सेलचाच घ्या. खरंच लागतात का? – एक वाचक, लातूर

उत्तर : आकडा विकायला सोपा असतो, म्हणून तो पुढे केला जातो. अल्बममधल्या ६ बाय ४ इंची फोटोला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, १२ बाय ८ इंची छपाईला नऊ. म्हणजे १२ मेगापिक्सेलमध्ये तुमचं सहज भागेल.

खरी अडचण अंधाराची. लेण्यांत आणि होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात उजेड बेताचाच. तिथे सेन्सरचा आकार कामाला येतो. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या इवल्याशा सेन्सरपेक्षा ‘एक इंची’ म्हणवला जाणारा (प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी) चौपट मोठा असतो. इवल्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले, की अंधारात फोटो रवाळ येणारच. लेन्सही एफ/२च्या आसपास उघडणारी हवी. डिजिटल झूमचा आकडा तर वाचूच नका, ऑप्टिकल तेवढा पाहा.

बजेट कमी असेल, तर नव्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा एक इंची सेन्सरचा वापरलेला कॅमेरा बरा. पैसे देण्याआधी दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि मोठा करून पाहा.