अर्धवट उमटणारे जग

गेल्या पावसाळ्यात नववीची चार मुले मधल्या सुटीत आमच्याकडे आली ती रडकुंडीला येऊनच. 'माइनक्राफ्ट' या खेळात चौघांनी मिळून सहा महिने खपून एक गाव वसवला होता. देवळापुढे तळी, शेतांना बांध, दारोदार तुळशीवृंदावन. आदल्या रात्री गावाच्या मधोमध मोठी चौकोनी पोकळी पडली, आणि कोणा जाणत्याने सांगितले की, त्या भागाची फाइल पुसून टाका, जमीन आपोआप भरून येईल. आम्ही यंत्रविद्येतील पंडित नव्हे, आमचा विषय भाषा. तथापि पुसण्याची घाई करू नका, एवढे सांगून आम्ही या प्रकरणात लक्ष घातले. त्यातून जे उमगले ते येथे देत आहोत.

२००९ साली स्वीडनमध्ये प्रथम प्रकट झालेल्या या खेळातील जग एकसंध नसते. १६ ठोकळे लांब व १६ ठोकळे रुंद अशा उभ्या तुकड्यांचे ते बनलेले असते. या तुकड्यास 'चंक' म्हणतात. २०२१ मधील १.१८ या आवृत्तीपासून जगाची उंची ३८४ ठोकळे झाली, म्हणजे एका चंकात ९८,३०४ ठोकळ्यांची जागा! जग सांभाळणारा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, खेळाडूच्या सभोवारचे चंक त्याच्याकडे धाडतो. दृष्टिमर्यादा १० चंकांची असेल, तर २१ गुणिले २१ या हिशेबाने सुमारे ४४१ चंक झाले. वाट अरुंद आणि माल एवढा. मग काही तुकडे मागे राहिले तर नवल ते काय?

म्हणून पहिला प्रश्न असा की, तुकडा नष्ट झाला आहे, की केवळ दिसत नाही? दुसऱ्या खेळाडूस त्याच जागी उभे करावे. त्याला सारे नीट दिसत असेल, तर दोष पहिल्याच्या संगणकात किंवा जोडणीत आहे. खेळाच्या जावा आवृत्तीत एफ-३ ही कळ धरून ए दाबली की दृश्य नव्याने रेखाटले जाते. तेवढ्याने न भागल्यास बाहेर पडून पुन्हा आत यावे व दृष्टिमर्यादा कमी करावी. दोघांनाही पोकळीच दिसली, तर सर्व्हरकडे वळावे. त्याने सेकंदाला २० वेळा जगाचा कारभार पाहावयाचा असतो. भार वाढला की तो मागे पडतो. तो बंद करून पुन्हा चालू केल्यावरही पोकळी कायम राहिली, तरच फाइलीविषयी संशय घ्यावा.

एका फाइलीत ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ चंक असतात. हवी ती फाइल शोधण्यास स्थानाच्या अंकास ५१२ ने भागून खालचा पूर्णांक घ्यावा. १००० चे उत्तर १ येते, परंतु उणे ३०० चे शून्य नव्हे, उणे १ येते. मुले हमखास चुकतात ती येथेच. फाइल पुसल्यावर जमीन भरून येते, हे खरे. मात्र येते ती मूळची, कोणाचे पाऊल पडण्यापूर्वीची. एका चंकापायी १,०२४ चंकांतील सारी बांधकामे जातात. यास्तव सर्व्हर थांबवून जगाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत काढावी, आणि जुनी प्रत असल्यास तिच्यातील तेवढीच फाइल आणून बसवावी.

आमच्या मुलांपाशी जुनी प्रत नव्हतीच. पोकळी स्वतः कोणी पाहिली, असे विचारता एकच हात वर झाला. उरलेल्या तिघांनी ती केवळ ऐकली होती! त्या संध्याकाळी तिघे आपापल्या घरून आत गेले, तो गाव जेथल्या तेथे. चौथ्याने आपल्या जुन्या संगणकावर दृष्टिमर्यादा ३२ ठेवली होती. ती ८ वर आणून तो पुन्हा आत आला, तेव्हा आधी तळीचे पाणी दिसू लागले, आणि थोड्या वेळाने देऊळ.