आतड्याचा दीर्घकालीन दाह आणि मुलांची त्वचा

क्रोन रोग व अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारांत काही मुलांच्या त्वचेवर पोटाच्या तक्रारींआधीच लक्षणे उमटतात. नडगीवर उठणाऱ्या लाल, दुखऱ्या गाठी, म्हणजे एरिथेमा नोडोसम, बहुधा आतड्यातील दाहाबरोबर वाढतात व ओसरतात. आपल्याकडे अशा गाठी क्षयरोगातही आढळतात. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग यांत विलक्षण साम्य असते. त्यामुळे क्षयाचा शोध घेतल्याखेरीज स्टिरॉइड सुरू करणे आम्हांस धोक्याचे वाटते.

अधिक दक्षता हवी ती पायोडर्मा गँग्रीनोसमबाबत. १९३० मध्ये हे नाव मिळालेला हा विकार मुलांत विरळाच. व्रण जांभळट, पोखरलेल्या कडांचा व अतिशय वेदनादायक असतो. नाव फसवे आहे, कारण मुळाशी जंतुसंसर्ग नसतो. गळू समजून तो कापल्यास जखम झपाट्याने पसरू शकते. उपचार दाह शमविणाऱ्या औषधांनीच करावा लागतो.

गुदद्वाराजवळील चीर, मांसल वाढ वा भगंदर यांविषयी मूल संकोचाने बोलत नाही. वजन व उंची खुंटलेल्या मुलाची ही तपासणी, पालकांच्या उपस्थितीत व त्याला विश्वासात घेऊन, अवश्य करावी.