परसबागेतील घुशींचा बंदोबस्त

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा परिसरात घर, अंगण, बाडी आणि धानाच्या बांध्या ही सर्व एकमेकांच्या निकट आढळतात. पावसाळा संपून धान कापणीला येते, त्याच सुमारास घरामागील बाडीत वांगी, टमाटर, मुळा, कोथिंबीर, पालक व वालाच्या शेंगा यांची लागवड जोर धरते. कोचई, रताळी आणि अद्रक जमिनीखाली पोसत असतात. कुटुंबाला पुढील तीन-चार महिने विकतच्या भाजीवर अवलंबून राहावे लागू नये, मुलांच्या ताटात रोज काही हिरवे पडावे, हा या बाडीचा हेतू होय. नेमक्या याच वेळी घुशींचा उपद्रव सुरू होतो. एका रात्रीत मुळ्याचा अर्धा वाफा आतून पोखरला जातो, आणि महिनाभराची मेहनत वाया जाते.

घुशीचा बंदोबस्त करण्याचे प्रयत्न पुष्कळ होतात, परंतु बहुतेक अपुरे पडतात. याचे कारण असे की, कुंपण जमिनीच्या वर घातले जाते आणि घूस जमिनीखालून येते. दुसरे कारण असे की, एक घर प्रयत्न करते आणि शेजारची चार घरे स्वस्थ बसतात. या दोन्ही उणिवा दूर केल्यास घुशीला बाडीबाहेर ठेवणे अल्प खर्चात साध्य होते.

घुशीची ओळख

घूस ही उंदराच्याच कुळातील आहे. आपल्याकडे तिचे दोन प्रकार आढळतात. मोठी घूस घराच्या भिंती, न्हाणीचे सांडपाणी, उकिरडा व नाल्या यांच्या आश्रयाने राहते. पूर्ण वाढ झालेल्या मोठ्या घुशीचे वजन एक किलोपर्यंत भरू शकते. लहान घूस मुख्यतः शेतात, विशेषतः धानाच्या बांधीच्या धुऱ्यात बीळ करते. ती धानाच्या लोंब्या तोडून बिळातील कोठीत साठवून ठेवते. धुरे खणताना असे साठे निघाल्याचा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आहे. तेलुगू भाषेत या प्राण्याला 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर असे नाव आहे. डिवचली असता घूस डुकरासारखा आवाज काढते, त्यावरून हे नाव पडले असावे. इंग्रजीतील 'बँडिकूट' हा शब्दही याच तेलुगू शब्दापासून झाला.

घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेळेस साधारणतः पाच ते दहा पिले होतात. अन्न व आसरा मुबलक असल्यास वर्षातून अनेक वेळा वीण होते. दोन-चार घुशी मारून स्वस्थ बसणाऱ्यास पुन्हा तोच उपद्रव का सोसावा लागतो, हे यावरून कळून येईल.

नुकसान कोणाचे, हे प्रथम ठरवावे

प्रत्येक नुकसान घुशीचेच असते असे नाही. नवेगाव-नागझिरा वनक्षेत्र याच जिल्ह्यात आहे, आणि जंगलालगतच्या गावांतील बाड्यांना साळिंदर, ससा, रानडुक्कर व वानर यांचाही त्रास होतो. उपाय योजण्यापूर्वी पुढील खुणा पाहाव्यात.

१. हिरवे रोप एकाएकी सुकते, उपटून पाहिले असता मूळ किंवा कंद खालून कुरतडलेला दिसतो, आणि जवळच ताज्या भुसभुशीत मातीचा ढिगारा असतो. हे घुशीचे काम होय.

२. वांगी, टमाटर यांसारखी फळे वेलीवर किंवा झाडावरच कुरतडलेली असतात, पण जमिनीत बीळ आढळत नाही. हे बहुधा चढणाऱ्या उंदराचे काम असते.

३. कोवळी रोपे जमिनीपासून वितभर उंचीवर चाकूने कापल्याप्रमाणे तिरपी छाटलेली दिसतात. येथे सशाची शंका घ्यावी.

४. कंद उकरून काढलेले असतात, त्यांवर रुंद दातांचे खोल ओरखडे असतात आणि आसपास काटे पडलेले सापडतात. हे साळिंदराचे लक्षण होय.

५. दिवसाढवळ्या फळे तोडून अर्धी खाऊन टाकलेली असल्यास तो वानराचा उपद्रव समजावा.

साळिंदर, ससा, रानडुक्कर व वानर हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. त्यांना मारण्याचा किंवा फासे लावण्याचा प्रयत्न न करता वन विभागाच्या कर्मचाऱ्यास कळवावे. पुढील विवेचन घुशीपुरते आहे.

घूस बाडीत केव्हा व का येते

धान उभे असताना लहान घुशीला बांधीतच अन्न मिळते. कापणी झाली, कडपा उचलून पुंजणे रचले गेले आणि शेत मोकळे झाले की तिचे अन्न व आडोसा दोन्ही जातात. ती पुंजण्यांच्या, खळ्याच्या व घरांच्या दिशेने सरकते. मोठी घूस गावातच असते. अंगणाच्या कडेला रचलेले सरपण, तणसाचे ढीग, भिंतीलगतचा उकिरडा, उघडी नाली आणि धानाच्या ढोलीखालची मोकळी जागा ही तिची घरे होत. अशा आसऱ्यापासून बाडी पाच-दहा पावलांवर असते. म्हणून बाडीचे रक्षण बाडीच्या बाहेर सुरू झाले पाहिजे.

पहिली पायरी : आसरा काढून टाकणे

सरपण जमिनीवर न रचता दगड किंवा लाकडी ओंडक्यांवर वीतभर उंच ठेवावे, म्हणजे खालची जागा उघडी राहील. तणसाचा ढीग बाडीपासून व भिंतीपासून शक्य तितका दूर करावा. उकिरड्याऐवजी विटांनी बांधलेला, झाकण असलेला खतखड्डा वापरावा. उष्टे अन्न व कोंडा रात्री उघड्यावर ठेवू नये. कोंबड्यांचे दाणे सायंकाळी उचलून घ्यावेत. न्हाणीच्या नालीचे तोंड लोखंडी जाळीने बंद करावे. बाडीच्या कडेचे गवत व झुडपे छाटून दीड हात रुंदीची मोकळी पट्टी ठेवावी. घूस उघड्या जागेतून जाण्यास कचरते, कारण तेथे घुबड, मांजर व कुत्रा यांचे भय असते.

शेतातही हेच तत्त्व लागू पडते. रुंद व उंच धुरा म्हणजे घुशीला बांधून दिलेले घरच होय. धुरा सुमारे ३० सेंटिमीटरहून अधिक रुंद व उंच नसल्यास त्यात बीळ करणे तिला कठीण जाते. रोवणीपूर्वी धुरे छाटून दुरुस्त करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी पायरी : जिवंत बिळे शोधणे

बाडी, अंगण व लगतच्या धुऱ्यांतील सर्व बिळांची तोंडे एके दिवशी सायंकाळी ओल्या मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी तोंडे पुन्हा उघडलेली दिसतील, तीच जिवंत बिळे होत. त्यांजवळ काडी रोवून खूण करावी. या साध्या रीतीने श्रम वाचतात. लहान घूस पुष्कळदा बिळाचे तोंड आतूनच मातीने बंद करून घेते. त्यामुळे ताज्या मातीचा ढीग दिसल्यास तोंड दिसत नसले तरी तेथे बीळ आहे असे समजावे.

शेताच्या धुऱ्यातील जिवंत बीळ दोन-तीन माणसांनी मिळून खणावे. घराच्या पायालगतचे बीळ मात्र खणू नये व त्यात पाणीही सोडू नये. मातीच्या भिंती त्यामुळे खचण्याचा संभव असतो. तेथे पिंजरा लावावा.

तिसरी पायरी : पिंजरा

घूस नव्या वस्तूबद्दल संशयी असते. पिंजरा आणला, त्याच रात्री लावला आणि घूस सापडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी उचलला, असे करण्यात अर्थ नाही. पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार तारेने बांधून उघडे ठेवावे आणि आत सुकी मासळी, भजे किंवा भाजलेले शेंगदाणे ठेवावेत. घूस निर्भयपणे खाऊ लागली की मग दार लावण्याची कळ चढवावी. पिंजरे भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने, तिच्या नेहमीच्या वाटेवर ठेवावेत. एका बाडीत एकाऐवजी दोन-तीन पिंजरे एकाच वेळी लावणे हितकर असते.

सापडलेली घूस दुसऱ्याच्या शेतात किंवा नाल्यापलीकडे सोडू नये. तसे करणे म्हणजे आपला उपद्रव शेजाऱ्याच्या पदरी घालणे होय. मेलेली घूस उघड्या हाताने न उचलता खोल खड्ड्यात पुरावी. घुशीच्या व उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसाला होऊ शकतो. धानाच्या चिखलात काम करणाऱ्यांनी व बिळे खणणाऱ्यांनी पायांवरील जखमा झाकाव्यात आणि काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. त्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना आपल्या कामाची माहिती अवश्य द्यावी.

चौथी पायरी : जमिनीखाली जाणारे कुंपण

वरील तीन पायऱ्यांनी उपद्रव पुष्कळ कमी होतो. तो पुन्हा उद्भवू नये यासाठी जाळीचे कुंपण हवे. सर्व बाडीला असे कुंपण घालणे खर्चाचे ठरते व त्याची गरजही नाही. मुळा, गाजर, रताळी, कोचई, अद्रक ही जमिनीखाली पोसणारी पिके व कोवळ्या रोपांची रोपवाटिका एकत्र आणावी आणि तेवढ्याच तुकड्याला जाळी लावावी. तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद तुकड्याला दहा मीटर जाळी पुरते.

जाळी जस्त चढवलेली, सुमारे १२ मिलिमीटर छिद्रांची व १२० सेंटिमीटर रुंदीची घ्यावी. चर ४० सेंटिमीटर खोल खणावा. जाळीचा खालचा २० सेंटिमीटर भाग चराच्या तळाशी बाहेरच्या बाजूस काटकोनात वळवावा, ४० सेंटिमीटर भाग जमिनीत उभा राहू द्यावा आणि उरलेला ६० सेंटिमीटर भाग जमिनीच्या वर ठेवून बांबूच्या खुंट्यांना बांधावा. मग माती घालून चांगली चोपावी.

बाहेर वळवलेल्या भागाचे महत्त्व विशेष आहे. खणणारा प्राणी कुंपणाच्या अगदी बुडाशी खणू लागतो. खाली गेल्यावर त्याला जाळी आडवी लागते. मागे सरून दूरवरून खणावे, हे त्याला सहसा सुचत नाही. अमेरिकेतील शेतकरी 'ग्राउंडहॉग' नावाच्या बिळे करणाऱ्या प्राण्यापासून आपल्या भाजीच्या बागा याच रीतीने राखतात. प्राणी निराळा असला तरी त्याची खणण्याची खोड तीच आहे.

फाटकाखाली दगडी फरशी किंवा सिमेंटचा उंबरा बसवावा, नाही तर सर्व खर्च त्या एका फटीमुळे व्यर्थ जाईल. दोडका, कारले, वाल यांच्या मांडवाचे खांब उंदीर चढून जातात. त्यांवर जमिनीपासून दोन-अडीच हात उंचीवर वीत-दीड वीत रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा.

काय करू नये

भाजीच्या बाडीत विषारी आमिष टाकू नये. तेथे लहान मुले खेळतात, कोंबड्या दाणे टिपतात, आणि तेथील भाजी घरात शिजते. विष खाऊन मेलेली घूस कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ल्यास तेही दगावू शकतात. अॅल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्यांपासून विषारी वायू निघतो व तो बिळातून घरात शिरून माणसांचा प्राण घेऊ शकतो. म्हणून त्या घराजवळ कदापि वापरू नयेत. शेतात विषाचा वापर करण्याची वेळ आल्यास कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याच्या मार्गदर्शनाखालीच करावा.

कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा तर गुन्हा आहे. अंधारात त्या तारेला प्रथम स्पर्श होतो तो पुष्कळदा घरच्याच माणसाचा किंवा गुराचा.

बिळात काचेचे तुकडे भरणे, फिनेल ओतणे, लसणाचे पाणी शिंपडणे हे उपाय टिकाऊ नाहीत. घूस चार हातांवर नवे तोंड काढते.

धामण दिसताच तिला मारणे हीही मोठी चूक होय. धामण बिनविषारी असून उंदीर-घुशींची पिले खाते. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीरच आहे. शेतात जागोजागी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे लाकडी मचाण रोवल्यास घुबडाला रात्री बसून शिकार करण्यास सोय होते.

ग्राम कार्यकर्त्यांसाठी कामाचा क्रम

एका घराने बिळे बुजवली तर घुशी शेजारच्या घरी जातात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. सर्व आळीने एकाच आठवड्यात काम केल्यासच त्यांना जाण्यास जागा उरत नाही. ही एकजूट घडवून आणणे हेच कार्यकर्त्याचे खरे काम होय. त्यासाठी पुढील क्रम सोयीचा पडेल.

ज्येष्ठ-आषाढ : रोवणीपूर्वी धुरे छाटून अरुंद करणे व त्यांतील बिळे खणणे.

आश्विन : कापणीपूर्वी आळीतील घरांची बैठक घेणे. महिला बचत गटांना अवश्य बोलवावे, कारण बाडीची देखरेख बहुधा त्यांच्याकडेच असते. सरपण, तणीस व उकिरडे हलवण्याचा एक दिवस ठरवावा.

कार्तिक : कापणी होताच एकाच सायंकाळी सर्व आळीतील बिळे बुजवणे, सकाळी जिवंत बिळांवर खुणा करणे व त्याच आठवड्यात पिंजरे लावणे. पिंजरे सामाईक वर्गणीतून घेतल्यास ते आळीपाळीने वापरता येतात.

मार्गशीर्ष : एखाद्या बाडीत जाळीचे कुंपण प्रात्यक्षिक म्हणून सर्वांसमक्ष घालून दाखवणे. चर खणताना व जाळी वळवताना शेतकऱ्यांच्या हातूनच काम करवून घ्यावे.

पौष-माघ : दर पंधरवड्यास बिळांची पाहणी करणे व जाळीलगतची माती उकरलेली नाही ना, हे तपासणे.

कार्यकर्त्याने प्रत्येक फेरीत जिवंत बिळांची संख्या वहीत नोंदवून ठेवावी आणि पुढील बैठकीत वाचून दाखवावी. संख्या घटत असल्याचे लोकांना कळले की त्यांचा उत्साह टिकतो. ती वाढत असल्यास कोणत्या घरचा ढीग किंवा कोणती नाली राहून गेली, हे तेथल्या तेथे ठरवता येते.

बाडीतील मुळा व कोचई घरच्या ताटात पडावी यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. स्वच्छ अंगण, वीतभर उंच रचलेले सरपण, दहा मीटर जाळी आणि शेजाऱ्यांची साथ एवढ्या सामग्रीवर हे काम पार पडते.