रुळांखालची जाड तार

विजेवर धावणारी छोटी आगगाडी तुम्ही पाहिली असेल. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे; ते १९९८ साली सुरू झाले. कित्येक हौशी माणसे घरीही फळ्यांवर असे रूळ मांडतात. या इंजिनाला कोळसा नको, पाणी नको. कंट्रोलरमधून १२ व्होल्टची वीज रुळांत येते आणि चाकांतून मोटारीला मिळते.

आता गंमत पाहा. कंट्रोलरजवळ गाडी झपाझप पळते. दूरच्या टोकाला गेली की रेंगाळते. चढ आला तर उभीच राहते. मग मालक इंजिन उघडून तेल घालत बसतो. इंजिन बिचारे धड असते! वीजच तिथवर पुरत नाही.

चांगले रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी, पण धातूत चांदी मुळीच नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. तांब्यातून वीज जशी सहज जाते, तशी त्यातून जात नाही. शिवाय रुळांचे सांधे ढिले पडतात, काळे पडतात.

शेवटच्या वाफ्याला पाणी द्यायचे तर आपण काय करतो? पहिल्या वाफ्यातून पाणी पुढे ढकलत नाही. कडेने मोठा पाट काढतो आणि वाफ्यावाफ्याला दार फोडतो. इथेही तसेच करावे. फळीखालून दोन जाड तारा शेवटपर्यंत न्याव्या. यांना 'बस' म्हणतात. (ही एस.टी.ची बस नव्हे!) रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून बारीक तार द्यावी. तिला 'फीडर' म्हणतात.

तार किती जाड घ्यावी? समजा, टोक १० मीटर दूर आहे आणि ३ अँपिअर वीज लागते. वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार २० मीटर धरा. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर वाटेतच सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर अर्धा व्होल्टही जात नाही. घरातल्या प्लगसाठी वापरतात तीच ही तार. चार पैसे जास्त पडतील, पण इथे काटकसर नको. कंट्रोलर मधोमध ठेवला तर अंतरही निम्मे होते. फीडर मात्र बारीक चालतो. तो वीतभरच ठेवावा.

एक बस तांबडी, दुसरी काळी घ्या. तांबडीचे फीडर एकाच बाजूच्या रुळाला, काळीचे दुसऱ्या. एकही अदलाबदल झाली तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. जोडताना बस तोडू नये. तेवढ्या जागेचे वेष्टन सोलावे, फीडरचे वेढे घट्ट द्यावे, सोल्डरचा डाग द्यावा, वर चिकटपट्टी गुंडाळावी. नुसते पीळ देऊन सोडू नये. घरातली २३० व्होल्टची वीज रुळांना कधीही जोडू नये. त्याने जीव जाईल.

शेवटी परीक्षा. शॉर्ट झाल्यावर आपोआप बंद होणारा कंट्रोलर हवा. गाडी उचलून ठेवा. वीज सुरू करून दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर रुपयाचे नाणे क्षणभर आडवे टेकवा. कंट्रोलर लगेच बंद पडला तर काम ठीक. नाही पडला तर नाणे ताबडतोब काढा. तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. अशा वेळी गाडी रुळावरून घसरली, तर वीज वाहतच राहते, जोड तापतो आणि रुळांखालचे प्लॅस्टिक वितळते. ही परीक्षा रुळाच्या प्रत्येक तुकड्यावर घ्या.